नवाईच्या आधीची भाकर

"टाक ना वं दळामा! कोनले काय कळी?"

"पोरेसना जीभले कळी, मास्तर. जीभ काय तुमना वर्गमा बसस, तुम्ही सांगं आनि तिनी ऐकं?"

"पांढरी जवारी, पांढरी मक्की. दूधमा पानी टाकं ते गवळीले म्हाईत ऱ्हास, पेनाराले नही."

"आरे वा! ते गवळीना धंदा कव्हयपासून कराले लागनात तुम्ही?"

दगूबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे झिपरू मास्तर लग्नाच्या तिसऱ्या दिवशी शिकला होता. त्याने भाजून घेतलेल्या मक्याची टोपली उचलून जात्याजवळ सरकवली आणि दाराकडे बघत उभा राहिला. दगूबाईने एक मूठ जवारीची घेतली, एक मक्याची घेतली, आणि खुंट्याला हात घालता घालता म्हणाली, "दळस मी. पन हाई पाप मन्हं नही. तुमना नाववर लिखी ठेवा."

सन सदतीस सालचा भादवा होता. शहादे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला लागून उंबरखेत म्हणून गाव. तिथे मिशनची पोरांची शाळा आणि बोर्डिंग. शाळा तेव्हा इंग्रजी तिसरीपर्यंतच होती, हायस्कूल व्हायला अजून अवकाश होता. बोर्डिंगात एक्केचाळीस पोरं. त्यांना लागणारी जवारी दोंडाईच्याच्या अमरचंद शेठच्या दुकानातून गाड्या भरून यायची आणि सारंगखेड्याला नावेत चढून तापी ओलांडायची. त्या वर्षी तापीमाय अशी फुगली की आठ दिवस नाव पाण्यात उतरली नाही. गाड्या पलीकडच्या काठावर. गाड्या आणायला गेलेले फादर कायतानही पलीकडच्या काठावर. आणि इकडे कणगीत हात घातला तर बोटांना तळ लागत होता.

शाळेच्या मागे मात्र मिशनचा मका उभा होता. कणसं निब्बर झालेली, मिशा वाळलेल्या. सरळ तोडावीत, भाजावीत, पोरांना द्यावीत. पण तिथेच तर अडलं होतं.

एक्केचाळीसांतली नऊ पोरं काकडपाटची, डोंगरातली. डोंगरात नवाई झाल्याशिवाय नवं धान्य कोणी तोंडात घालत नाही. गावचा डाया, म्हणजे सगळे ज्याचं ऐकतात तो जाणता म्हातारा, दिवस धरतो. पहिली कणसं देवापुढे ठेवतो, मग गाव खातं. त्याआधी एकाने जरी दाणा चावला तर ते त्याचं त्याला भोवत नाही, गावाला भोवतं. कोणाचं ढोर पडतं, कोणाचं तान्हं तापाने फणफणतं. म्हणून पोरगं उपाशी राहील, पण नव्या कणसाकडे बघणार नाही. दरवर्षी भादव्यात ही नऊ पोरं दोन दिवसांसाठी घरी पळायची आणि झिपरू मास्तर फादरला सांगायचा, "घरनं काम शे त्यासले." कसलं काम ते फादरने कधी विचारलं नाही, याने कधी सांगितलं नाही.

आता सांगावं तर पोरं जेवणार नाहीत. न सांगता घालावं तर पोटं भरतील. झिपरू मास्तराने पोटं भरायची ठरवली. बाकीच्या बत्तिसांनाही तो काही बोलला नाही, कारण पोरांच्या पोटात भाकर राहते, गोष्ट राहत नाही.

हा झिपरू मास्तर कोण, कुठला? रजिस्टरात त्याचं नाव जोसेफ झिपरू. जोसेफ म्हणून हाक मारली तर तो दुसरीकडे बघायचा. तापीकाठच्या एका भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, जन्म. छपन्या काळात, म्हणजे ज्या दुष्काळात माणसं रस्त्याच्या कडेला पाचोळ्यासारखी पडली होती त्यात, तो सहासात वर्षांचा होता. बाप आधी गेला, मग बहीण, आणि शेवटी माय. मिशनच्या गाडीत घातला तेव्हा त्याचं वजन, गाडीवानाच्या म्हणण्याप्रमाणे, कोंबडीएवढं होतं. पुढे दूरच्या अनाथालयात वाढला, लिहायला शिकला, सुतारकाम शिकला, बाप्तिस्मा झाला. विसाव्या वर्षी प्रार्थना-मास्तर म्हणून उंबरखेतला आला तो इथलाच झाला. घंटा वाजवणं, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, पोरांना ख्रिस्तप्रसादासाठी तयार करणं, ही त्याची नेमलेली कामं. खाटा ठोकणं, विहिरीचा रहाट बसवणं, खरूज झालेल्या पोराला कडुलिंबाच्या पाण्याने घासणं, ही न नेमलेली.

धर्माच्या प्रश्नोत्तरीचं छापील पुस्तक होतं. देवाने तुला का निर्माण केलं? त्याचं उत्तर पोरं पाढ्यासारखं म्हणायची आणि पाढ्यासारखंच विसरायची. झिपरू मास्तर त्यावर फारसा भरवसा ठेवत नसे. त्याची खरी शाळा शनिवारी दुपारी खळ्यावर भरायची. दुसऱ्या दिवशी मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, म्हणून शनिवारी पोरं फादरपुढे पापं कबूल करायची. त्याआधी हा त्यांना खळ्यावर बसवून म्हणायचा, "फादरले मांगून सांगा. जेन्हं लिन्हं व्हई त्याले पहिले सांगा."

हे फार अवघड होतं. फादर जाळीमागे बसतो, तोंड दिसत नाही. ज्याचं घेतलं तो समोर उभा असतो. एकदा एका पोराने मुनव्वर पिंजाऱ्याच्या अंगणातले पेरू चोरले. मास्तराने त्याला मुनव्वरकडे पाठवलं. पोरगं दारात उभं राहून रडत रडत म्हणालं, "चाचा, पाच पेरू मी लिन्हात." मुनव्वर कापूस पिंजता पिंजता थांबला. त्याला वाटलं होतं वटवाघळं खातात, आणि त्यापायी तो महिनाभर झाडाखाली शेकोटी करत होता. त्याने पोराला शिव्या दिल्या, मग चहा पाजला, मग सहावा पेरू दिला. ते पोरगं पुढे कोणाच्या झाडाखाली उभंसुद्धा राहिलं नाही.

असा हा मास्तर. आणि त्याच मास्तराने सोमवारपासून तीन दिवस भाकरीत नवा मका घातला.

तीन दिवस काही झालं नाही. पोरं जेवली, पानं पुसून उठली. एकजण म्हणालासुद्धा, "दगूमाय, आजनी भाकर गोड शे." दगूबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो हात धुवायला उठला.

गुरुवारी बोर्डिंगच्या शेळीने घात केला. दाणे काढलेली रिकामी कणसं मास्तराने उकिरड्यात पुरली होती, वर शेणाची पाटी ओतली होती. शेळीने ती उकरून अंगणभर पसरली. काकडपाटच्या पोरांत सगळ्यात मोठा धनसिंग, पंधरा वर्षांचा, फार कमी बोलणारा. त्याने एक रिकामं कणीस उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"दगूमाय, हाई मक्की कोनी खाधी?"

"माले काय इचारस? तुन्हा मास्तरले इचार."

मास्तर तिथेच चूल पेटवत होता. धनसिंगने कणीस त्याच्यापुढे धरलं.

"ढोरेसले टाकी," मास्तर चुलीकडे बघत म्हणाला.

धनसिंगने मान हलवली आणि गेला. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेला नऊच्या नऊ पोरं रांगेत उभी राहिली, हात जोडले, पण एकाचेही ओठ हलले नाहीत. शुक्रवारी सकाळी झिपरू मास्तर घंटा वाजवून आला तेव्हा भिंतीलगत नऊ चटया गुंडाळून, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या होत्या. चटई गुंडाळून ठेवायची शिस्त त्यानेच लावली होती.

"मी म्हनं व्हतं," दगूबाई म्हणाली. मग त्याचं तोंड बघून पुढचं गिळलं, फडक्यात गूळ बांधून दिला आणि म्हणाली, "जा. बत्तीस पोरेसले मी देखस. घंटाबी मीच वाजाडसू, तिले काय शिक्षण लागस?"

पोरं गेली तर नुसती नऊ पोरं जाणार नव्हती. काकडपाटहून पुन्हा एक पोर खाली आलं नसतं. एकेक पोरगं आणायला तो सोळा वर्षं त्या घाटाने चढला होता. लोकांनी दारं लावून घेतली, कुत्री सोडली, तरी चढला होता. आणि पोरं गेली त्याहून वाईट, ती तोंड मिटून गेली होती. ते मिटलेलं तोंड उघडल्याशिवाय त्याला घंटेच्या दोरीला हात लावायचा नव्हता.

दोन कोसांवर पोरं सापडली. नाल्याच्या काठच्या खडकावर बसली होती; पाणी ओलांडता येत नसेल, असं त्याला वाटलं. मास्तराला बघून लहानगी उठून उभी राहिली. धनसिंग बसूनच होता.

"बसा. मी माराले नही उनू."

तोही खडकावर बसला.

"मास्तर," धनसिंग म्हणाला, "ती मक्की ढोरेसनी व्हती ना?"

"नही. तुमनीच व्हती. तीन दिन तुमनी भाकरमा व्हती. मीच सांगं टाकाले. ढोरेसनी म्हनं, तेबी खोटं."

"दर शनवारले तुम्हीच सांगतस ना, जेन्हं लिन्हं त्याले पहिले सांगा? मंग काल काबरं नही सांगं?"

मास्तराच्या हातात एक काडी होती. ती त्याने मोडली. "भेव लागना."

"कसाना?"

"तुम्ही जेवशात नही, याना."

"नहीच जेवतूत," धनसिंग म्हणाला. "दोन दिन, चार दिन उपाशी ऱ्हातूत. आमले येस उपाशी ऱ्हावाले. तुमले नही येस."

हे एवढं खरं होतं की झिपरू मास्तराला राग आला, आणि राग आल्यामुळे तो जे कधी दगूबाईलाही धड बोलला नव्हता ते बोलून गेला. छपन्याच्या दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. झोपडीमागे मूठभर मका उगवला, कणसं भरली. माय म्हणायची, नवाई होऊ दे, मग खाऊ. पण नवाई करायला डायाच उरला नव्हता, भिलाटीत सात माणसं उरली होती. माय वाट बघत राहिली आणि वाट बघता बघता संपली.

"मंग तुम्ही खाधं का?" सगळ्यात लहान पोराने विचारलं.

"खाधं. ती पडेल व्हती ना मी खाधं. कच्चंच."

पोरांकडे अशा गोष्टीला 'अरेरे' म्हणायची रीत नाही. धनसिंग म्हणाला, "ते तुमनं व्हतं, मास्तर. आमनं वायलं शे. आमना डाया शे अजून." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पन आते गावमा कसं जावानं? आमनं तोंड बाटेल शे. घरमा धाकली भैन शे मन्ही."

तेव्हा कुठे मास्तराच्या लक्षात आलं की पोरं पाण्यामुळे बसलेली नव्हती. पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं, आणि ही डोंगरातली पोरं. त्यांना मागे यायचं नव्हतं आणि पुढे जायची सोय त्याने ठेवली नव्हती.

तो उठला. धोतर वर खोचलं. "चाला. तुम्ही काहीच नका बोला. तुमना डायाले मी सांगस."

काकडपाटच्या शिवेवर पोरं मोहाच्या झाडाखाली थांबली. मास्तर एकटा आत गेला. डाया अंगणात दोर वळत बसला होता. डायाची बायको, म्हणजे धनसिंगची आजी दिवलीबाई, सूप पाखडत होती. दोघं त्यांच्या बोलीत बोलायची. सोळा वर्षांत मास्तराला ती समजायला लागली होती, बोलताना मात्र अजून जीभ अडखळायची. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. काही राखलं नाही.

डाया दोर वळत राहिला. बोलली ती दिवलीबाई. "पोरं न्यायला आला होतास तेव्हा म्हणाला होतास, खाऊ घालीन, शिकवीन. काय शिकवतोस ते आम्ही विचारलं नाही. काय खाऊ घालतोस तेही विचारायचं होतं वाटतं!"

आणखी चार म्हातारे जमले. बोलणं झालं. पोरांनी जाणून खाल्लं नाही, तेव्हा त्यांचं तोंड बाटलं नाही. त्यांनी नाल्यात अंघोळ करावी आणि नवाईपर्यंत घरात न येता शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, राहावं. नवाई चार दिवसांवर होती. ज्याने खाऊ घातलं त्याने मात्र चार दिवस दाण्याला शिवायचं नाही, डायाचं शेत पोपटांपासून राखायचं, आणि नवाईच्या दिवशी देवापुढे कोंबडा देऊन डोकं टेकायचं.

"उपास करीन," मास्तर म्हणाला. "शेत राखीन. कोंबडा देणार नाही, डोकं टेकणार नाही. मी ज्याच्यापुढे टेकतो तो एकच आहे."

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एकजण तर उठूनच उभा राहिला. डायाने दोर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "खोटं बोललास म्हणून तुझा देव तुला काय करतो?"

"ते फादर सांगतो. त्याच्या वतीने."

"मग काय म्हणाला फादर?"

"फादर तापीच्या पलीकडे अडकला आहे."

डाया आधी हसला नाही, त्याचं पोट हसलं. मग सगळेच हसले. "म्हणजे तुझा डाया पुरात अडकला," तो म्हणाला, "म्हणून तू आमच्याकडे आलास! बरं. कोंबडा राहू दे. त्याऐवजी मागचं शेतही राख."

मागचं शेत पुढच्याच्या दुप्पट होतं.

चार दिवस झिपरू मास्तर माळ्यावर बसून गोफण फिरवत होता. खायला मोहाची वाळलेली फुलं उकडून, आणि जंगलातला एक कंद, जो खाल्ला की जीभ चरचरायची. दगूबाईने दिलेला गूळ त्याने पोरांत वाटून टाकला होता. चहूकडे मका. दाण्यांनी फुटायला आलेली कणसं हाताच्या अंतरावर. छपन्यानंतर झोपडीमागे मका मूठभर होता, इथे नजर पोचेल तिथवर. पहिल्या दिवशी त्याचा हात दोनदा कणसाकडे गेला आणि दोन्ही वेळा त्याने पोपटांना शिव्या देऊन मागे घेतला. दुसऱ्या दिवशी हात गेला नाही. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला उपाशी राहायला शिकायला दोन दिवस लागले. डोंगरात ते पोर बोलायच्या आधी शिकतं.

संध्याकाळी तो माळ्यावर उभा राहून एकटाच प्रार्थना म्हणायचा. पोरं पलीकडच्या माळ्यावर होती. त्याने त्यांना हाक मारली नाही, आवाजही चढवला नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याने मरियामातेची प्रार्थना, "नमो मरिये", अर्धी म्हटली आणि पलीकडून एका बारीक आवाजाने पुढचा अर्धा भाग म्हटला. तोच लहान पोरगा. त्याच्या मागोमाग कोणीतरी त्याला गप्प केलं. तिसऱ्या संध्याकाळी तीनचार आवाज आले. धनसिंगचा आला नाही.

खालून येणाऱ्या एका गुराख्याच्या तोंडी दगूबाईचा निरोप आला: "बत्तीस पोरे जित्ता शेतस. शेळीले बांधी टाकं. मास्तर जित्ता शे का, तेवढं कळावा."

मंगळवारी नवाई झाली. ढोल वाजले. सगळं गाव देवाच्या जागी गेलं, पोरंही गेली. मास्तर माळ्यावरच बसला. दुपार कलल्यावर दिवलीबाई पळसाच्या पानावर भाजलेलं कणीस घेऊन आली.

"देवापुढचं नाही," ती म्हणाली. "तिकडे तू आला नाहीस, तेव्हा त्यातलं तुला आणलं नाही. हे शेतातून तोडलं, माझ्या चुलीत भाजलं. खा आता."

त्याने खाल्लं. दाणा न् दाणा. ती उभी राहून बघत होती, आणि तो संपवेपर्यंत काही बोलली नाही. मग रिकामं कणीस त्याच्या हातातून घेऊन म्हणाली, "हे मी टाकते. तुला टाकता येत नाही."

निघताना तो पोरांच्या माळ्याखाली थांबला. "मी जास रे. येवानं का नही, ते तुम्ही ठरावा. मी बलावाले येवाव नही." आणि खरंच मागे न बघता उतरला.

तापी उतरली होती. अंगणात जवारीच्या गाड्या उभ्या होत्या आणि ओसरीवर फादर कायतान चिखलाचे बूट काढत बसले होते. फादर गोव्याचे, अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. दगूबाईने अर्धी गोष्ट सांगितलीच होती. झिपरू मास्तराने पूर्ण सांगितली. दरवर्षीच्या 'घरनं काम' या थापेसकट. सैतानाचं काम म्हणून फादर पोरांनाच काढून टाकतील, या भीतीने लपवलं, हेही सांगितलं.

फादरने एक बूट हातात धरला होता, तो तसाच राहिला. "अरे गाढवा! आमच्या गावात पाद्री स्वतः शेतात जातो, भाताची पहिली कणसं कापतो, वाजत गाजत देवळात आणतो. त्याआधी माझी आई नव्या तांदळाला चुलीच्या जवळ येऊ देत नव्हती. मला काय नवाई शिकवतोस?"

"तुम्ही कधी बोलनात नही, फादर."

"तू कधी विचारलंस?"

अकरा वर्षं दोन माणसं एका छपराखाली राहून एकमेकांना हे सांगायचं विसरली होती. स्वयंपाकघरातून दगूबाई मोठ्याने म्हणाली, "दोन शहाणा!" कोणाला ते तिने सांगितलं नाही.

फादरने मग प्रायश्चित्त दिलं. काकडपाटच्या पोरांना सांगितलंस, ठीक आहे. पण फसवलं तू एक्केचाळीसांना. उरलेल्या बत्तिसांनाही सांगायचं, तुझ्याच खळ्यावर, तुझ्याच शनिवारी. डोंगरावरून एक शिक्षा भोगून आलेल्या माणसाला खाली दुसरी मिळाली. शनिवारी तो बत्तीस पोरांपुढे उभा राहिला आणि आहे तसं बोलला. पोरं आधी चकित झाली. मग मागच्या रांगेतलं एक पाटलाचं पोरगं म्हणालं, "मास्तर, पन ती भाकर चांगली व्हती. आखो शे का?" खळं हसून हसून लोळलं. मास्तराने त्याला मारायला काडी शोधली, ती सापडली नाही, आणि मग तोही हसला.

काकडपाटची पोरं तोवर आली नव्हती. रविवारी आली नाहीत, सोमवारीही नाहीत. घंटा दगूबाईच वाजवत होती. मास्तर दोरीकडे जायचा आणि काहीतरी काम आठवून परत फिरायचा. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मन्हा हात दुखस, पन वाजाडस मी."

मंगळवारी न्याहारीच्या वेळी आली. नऊ नाही, सहा. सगळ्यांच्या पुढे लहानगा, सगळ्यांच्या मागे धनसिंग. बाकीची दोन दसऱ्यानंतर आली. एक आलंच नाही. त्याच्या बापाने त्याला ढोरांमागे लावलं आणि ते ढोरांमागेच मोठं झालं. मास्तर पुढे त्या घाटाने जायचा तेव्हा ते लांबून हात करायचं, जवळ यायचं नाही. तेवढं त्याला शेवटपर्यंत फेडता आलं नाही.

धनसिंग अंगणात न थांबता सरळ स्वयंपाकघराच्या दारात आला.

"मास्तर, आते कणगीमा काय शे?"

"जवारी. दोंडाईचानी."

"नुसती?"

"हात टाकी देख."

धनसिंगने कणगीत कोपरापर्यंत हात घातला, तळातून मूठ भरून काढली, दाराच्या उजेडात नेली आणि दाणे बोटाने पसरून पसरून पाहिले. दगूबाईचा पारा चढत होता. तिच्या कणगीची अशी झडती आजवर कोणी घेतली नव्हती. मास्तराने तिला डोळ्याने गप्प केलं. ती गप्प झाली, हेच त्या दिवसातलं मोठं नवल.

धनसिंगने मूठ परत कणगीत सोडली, हात चड्डीला पुसला आणि पाच पोरांना हाक मारली, "या रे. बसा."

पोरं बसली. दगूबाईने भाकरी थापायला घेतल्या. बसल्या बसल्या धनसिंगने हात जोडले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. त्याचा आवाज फुटायला लागला होता, मधेच घोगरा, मधेच बारीक. मास्तर दाराशी उभा होता. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली, आमेन म्हटलं, आणि नाकावरचा धूर पुसल्यासारखं केलं.

"आठे काय उभा ऱ्हायनात?" दगूबाई म्हणाली. "सहा तोंडे वाढनात. चुल्हामा लाकूड नही, आनि बाहेर नऊनी घंटानी येळ व्हयनी."

तो अंगणात गेला, दोरी दोन्ही हातांनी धरली आणि शाळेची घंटा दिली. मग कुऱ्हाड घेऊन गोठ्यामागे बाभळीचा ओंडका फोडायला बसला.